सर्व्हर आणि लॅपटॉप प्रोसेसरांची तुलना : संगणकाच्या गतिमापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

सर्व्हरमधील प्रोसेसर अधिक समर्थ की लॅपटॉपमधील, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे असे प्रथमदर्शनी वाटत नाही. सर्व्हर म्हणजे शेकडो लोकांची मागणी एकाच वेळी पुरविणारे, वातानुकूलित दालनात अहोरात्र चालणारे यंत्र; लॅपटॉप म्हणजे एका माणसाने मांडीवर घेऊन वापरावयाचे, बॅटरीवर चालणारे यंत्र. पहिल्याचा प्रोसेसर मोठा, महाग व भरपूर वीज घेणारा. दुसऱ्याचा लहान, स्वस्त व मितव्ययी. तेव्हा पहिला थोरला आणि दुसरा धाकटा, व धाकट्याचे सामर्थ्य म्हणजे थोरल्याच्या सामर्थ्याचा एक अंश, असे समीकरण सहजच मनात तयार होते. संगणकाच्या इतिहासाची जी लोकप्रिय मांडणी आढळते तीही बहुधा याच समीकरणावर उभी असते. नवे तंत्र प्रथम मोठ्या यंत्रात येते आणि काही वर्षांनी झिरपत झिरपत लहान यंत्रात उतरते, असे ती मांडणी सांगते.

प्रस्तुत लेखात या मांडणीची तपासणी करावयाची आहे. येथे दोन विधाने प्रतिपादन करावयाची आहेत. पहिले असे की, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडलेला एक महत्त्वाचा बदल नेमका उलट दिशेने घडला. लॅपटॉपच्या गरजेतून जन्मलेली रचना सर्व्हरमध्ये शिरली व तेथे स्थिरावली. दुसरे विधान अधिक व्यापक आहे. हा बदल केवळ यंत्रांच्या सुधारणेने घडला नाही. यंत्रे ज्या मापाने मोजली जात ते माप बदलल्यामुळे तो घडला. गती कशाच्या प्रमाणात मोजावयाची, म्हणजे सेकंदाच्या, वॅटच्या की रुपयाच्या, हे ठरल्यावाचून दोन प्रोसेसरांची तुलना संभवत नाही, आणि हे प्रमाण वेळोवेळी बदलत आले आहे. म्हणून प्रथम मापांच्या इतिहासाकडे वळणे प्राप्त आहे.

१. मापांचा पूर्वेतिहास

आरंभीच्या काळी संगणकाची गती सांगण्याची रीत साधी होती. एक बेरीज किंवा एक गुणाकार करण्यास किती काळ लागतो, एवढे सांगितले की पुरे होई. परंतु कोणतीही आज्ञावली केवळ बेरजांची बनलेली नसते. हे ओळखून आयबीएममधील जॅक गिब्सन यांनी १९५९ साली निरनिराळ्या प्रकारच्या आज्ञांना त्यांच्या प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात वजन देणारे मिश्रण तयार केले. 'गिब्सन मिश्रण' या नावाने ते प्रसिद्ध आहे. मोजमाप वापराशी जोडले पाहिजे, ही कल्पना येथे स्पष्ट रूपाने पुढे आली.

यानंतरचा टप्पा कृत्रिम आज्ञावलींचा. ब्रिटनमधील हॅरल्ड कर्नो व तेथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ब्रायन विचमन यांनी शास्त्रीय गणनेचे प्रतिनिधित्व करील अशी एक कसोटी १९७० नंतरच्या वर्षांत सिद्ध केली. लेस्टरशायरमधील व्हेटस्टोन या गावी तयार झालेल्या अल्गोल भाषेच्या कंपायलरवरून तिला 'व्हेटस्टोन' हे नाव मिळाले. १९८४ साली राइनहोल्ट वाइकर यांनी पूर्णांकांवरील कामासाठी दुसरी कसोटी रचली आणि पहिल्या नावाशी कोटी साधून तिला 'ड्राय्‌स्टोन' म्हटले. दरम्यान १९७९ मध्ये जॅक डोंगारा व त्यांचे सहकारी यांच्या 'लिनपॅक' या आज्ञासंग्रहाच्या मार्गदर्शिकेत, समीकरणांचा एक संच सोडविण्यास निरनिराळ्या यंत्रांना लागलेल्या काळाचे कोष्टक परिशिष्टरूपाने जोडले गेले. पुढे जगातील महासंगणकांची क्रमवारी ज्या कसोटीवर लागू लागली ती या परिशिष्टातूनच वाढली.

याच काळात 'मिप्स', म्हणजे दर सेकंदास किती दशलक्ष आज्ञा, हे माप सर्वतोमुखी झाले. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे १९७७ सालचे व्हॅक्स ११/७८० हे यंत्र एक मिप्सचे मानले जाई, आणि इतर यंत्रांची गती त्याच्या पटीत सांगितली जाई. वस्तुतः जोएल एमर व डग्लस क्लार्क यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीप्रमाणे या यंत्रास एका आज्ञेकरिता सरासरी सुमारे साडेदहा घटिकास्पंद लागत. त्याचा प्रत्येक स्पंद २०० नॅनोसेकंदांचा होता. म्हणजे हे 'एक मिप्स'चे यंत्र दर सेकंदास सुमारे अर्धा दशलक्ष आज्ञाच पार पाडीत असे. प्रमाण म्हणून ज्याला मानले तेच आपल्या नावाच्या निम्म्याने भरावे, ही गोष्ट मनोरंजक खरीच. पण तिच्यातील बोध गंभीर आहे. एका यंत्राची एक आज्ञा दुसऱ्या यंत्राच्या एका आज्ञेइतकेच काम करते असे नाही. म्हणून आज्ञांची संख्या हे कामाचे माप होऊ शकत नाही.

२. कसोटी आणि तिचा परिणाम

या गोंधळातून वाट काढण्यासाठी १९८८ साली काही संगणक-उत्पादकांनी एकत्र येऊन 'स्पेक' ही संस्था स्थापिली. तिने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या संचात दहा आज्ञावली होत्या. त्या कृत्रिम नसून बहुतांशी प्रत्यक्ष वापरातून घेतलेल्या होत्या. प्रत्येक आज्ञावलीस व्हॅक्स ११/७८० वर लागलेल्या काळास परीक्ष्य यंत्रावरील काळाने भागावयाचे, आणि येणाऱ्या दहा गुणोत्तरांचा भूमितीय मध्य काढावयाचा, अशी तिची पद्धत होती.

भूमितीय मध्यच का, याचे उत्तर फिलिप फ्लेमिंग व जॉन वॉलेस यांनी १९८६ साली दिले होते. त्यांचा मुद्दा एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पहिल्या कामास 'अ' यंत्र १ सेकंद घेते व 'ब' यंत्र १० सेकंद. दुसऱ्या कामास 'अ' १०० सेकंद घेते व 'ब' १०. 'अ'ला प्रमाण मानले तर 'ब'ची गुणोत्तरे १० व ०.१ येतात, त्यांचा अंकगणिती मध्य ५.०५. म्हणजे 'ब' पाचपट मंद ठरले. आता 'ब'ला प्रमाण माना. 'अ'ची गुणोत्तरे ०.१ व १० येतात, मध्य पुन्हा ५.०५, आणि आता 'अ' पाचपट मंद ठरते! भूमितीय मध्य मात्र दोन्ही वेळा १ येतो. प्रमाण कोणतेही घेतले तरी निकाल पालटत नाही, हा त्याचा गुण.

परंतु हा गुण फुकट मिळत नाही. ही दोन्ही कामे एकामागून एक करावयाची असली तर 'अ'ला १०१ सेकंद लागतील व 'ब'ला अवघे २०. ज्याला ती कामे करून घ्यावयाची आहेत त्याच्या दृष्टीने 'ब' पाचपट वेगवान आहे, आणि भूमितीय मध्य दोघांना समान म्हणतो. जेम्स स्मिथ यांनी १९८८ साली हाच आक्षेप घेतला होता. संगणकाच्या गतीचे वर्णन एकाच आकड्यात करावयाचे असेल तर तो आकडा प्रत्यक्ष लागणाऱ्या काळाशी निगडित असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पहिला पक्ष तुलनेची सुसंगती सांभाळतो, दुसरा वापरणाऱ्याचे हित.

माप केवळ वस्तूचे वर्णन करीत नाही, वस्तूला आपल्यासारखे घडवितेही. स्पेकच्या पहिल्या संचातील 'मॅट्रिक्स ३००' या आज्ञावलीने याचा प्रत्यय दिला. तिचा जवळजवळ सर्व काळ एकाच ओळीतील गुणाकार-बेरजेत जाई. कंपायलर रचणाऱ्यांनी ही गोष्ट हेरली आणि आकड्यांचे लहान लहान गट कॅशमध्येच राहतील अशा रीतीने त्या ओळीची फेरमांडणी होऊ लागली. पाहता पाहता या एका आज्ञावलीवरील गुणांक कित्येक पटींनी चढला आणि त्याने सबंध मध्यास वर ओढले. यंत्र होते तेच राहिले. इतर कामे होती तितक्याच वेळात होत राहिली. १९९२ च्या संचातून ही आज्ञावली वगळावी लागली.

सर्व्हर आणि वैयक्तिक संगणक यांच्या मापनातील फरकही याच सुमारास स्पष्ट झाला. एखादे काम किती लवकर संपते हा एक प्रश्न, आणि ठरावीक वेळात किती कामे संपतात हा दुसरा. पहिल्यास प्रतिसादकाळ म्हणावे, दुसऱ्यास निर्गत. जिम ग्रे यांच्या पुढाकाराने लिहिलेला, परंतु 'अनामिक' या नावाखाली १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला लेख बँकेच्या व्यवहारासारख्या कामांसाठी दर सेकंदास पार पडणाऱ्या व्यवहारांचे माप सुचवितो. त्या विचारातून १९८८ साली व्यवहार-प्रक्रियेच्या मापनासाठी 'टीपीसी' ही स्वतंत्र संस्था निघाली. स्पेकनेही पुढे 'गती' व 'दर' अशी दोन मापे वेगळी केली. एका अर्थी लॅपटॉप व सर्व्हर यांची ताटातूट येथेच झाली. पहिल्यापुढे एक माणूस वाट पाहत बसलेला असतो. दुसऱ्यापुढे रांग असते.

३. उष्णतेचा प्रश्न

वरील सर्व मापांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. वीज किती लागते, हे कोणीच विचारीत नव्हते. त्याला कारणही होते. रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली दाखविले होते की, ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी व त्याला द्यावयाचा विद्युद्दाब एकाच प्रमाणात कमी करीत गेल्यास तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसतात, ते अधिक वेगाने चालतात, आणि तरीही दर चौरस मिलिमीटरमागे खर्च होणारी शक्ती वाढत नाही. सुमारे तीस वर्षे या नियमाने संगणक-उद्योगाला पोसले. गती जणू निसर्गतःच वाढत होती आणि तिचा हिशेब कोणी मागत नव्हते.

या काळात लॅपटॉपच्या प्रोसेसरला स्वतंत्र कुळ असे नव्हतेच. इंटेलने १९९० मध्ये काढलेला ३८६एसएल हा उचलून नेण्याच्या संगणकांसाठी खास तयार केलेला प्रोसेसर होता. पण तो मूळच्या ३८६ चेच वीज वाचविणारे रूप होते. पुढची दहा वर्षे हाच शिरस्ता राहिला. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये सर्व्हरचा विचार प्रमुख होता. १९९८ मध्ये 'झिऑन' हे नाव सर्व्हरसाठी राखून ठेवण्यात आले. आणि लॅपटॉपसाठी मेजावरील संगणकाचाच प्रोसेसर कमी दाबावर व कमी गतीने चालविला जाई. आरंभी उल्लेखिलेले थोरल्या-धाकट्याचे समीकरण या दशकापुरते खरे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ने ही दिशा टोकाला नेली. त्याची 'नेटबर्स्ट' ही रचना घटिकागती चढविण्याच्या हेतूने आखलेली होती. आज्ञा पार पाडण्याचे काम वीस टप्प्यांत वाटलेले असल्याने प्रत्येक टप्प्यावरील काम थोडे होई व स्पंद जलद देता येत. परंतु आज्ञावलीच्या पुढील वाटेचा अंदाज चुकला की इतक्या साऱ्या टप्प्यांतील अर्धवट काम टाकून द्यावे लागे. परिणामी १.४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ कित्येक प्रचलित आज्ञावलींवर १ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ३ पुढे निष्प्रभ ठरे. तथापि दुकानातील ग्राहक गिगाहर्ट्‌झ वाचत होता, आणि माल त्याच मापाने विकला जात होता. फेब्रुवारी २००४ मध्ये टप्प्यांची संख्या ३१ वर गेली. नोव्हेंबर २००४ मध्ये गती ३.८ गिगाहर्ट्‌झवर पोहोचली, तेव्हा प्रोसेसरची ठरविलेली उष्णतामर्यादा ११५ वॅट झाली होती. चार गिगाहर्ट्‌झच्या नमुन्याची घोषणा मागे घ्यावी लागली. डेनार्ड यांच्या नियमाचा आधार सुटला होता. ट्रान्झिस्टर लहान होत होते, पण दाब त्या प्रमाणात उतरविता येत नव्हता. तो उतरविल्यास बंद स्थितीतही गळणारा प्रवाह बेसुमार वाढे.

४. बॅनियस

याच वर्षांत इंटेलच्या इस्राएलमधील हैफा येथील गटाकडे एक निराळे काम होते. निव्वळ लॅपटॉपसाठी प्रोसेसर रचावयाचा होता. त्या प्रदेशातील एका प्राचीन झऱ्याच्या नावावरून या रचनेला 'बॅनियस' हे सांकेतिक नाव मिळाले, आणि मार्च २००३ मध्ये ती 'पेंटियम एम' या नावाने बाजारात आली. तीत ७७ दशलक्ष ट्रान्झिस्टर होते. १.६ गिगाहर्ट्‌झला तिची उष्णतामर्यादा २४.५ वॅट होती.

या रचनेमागील विचार समजून घेण्यासारखा आहे. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी गतिज शक्ती ही विद्युद्दाबाच्या वर्गाच्या व घटिकागतीच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि गती वाढवावयाची तर दाबही वाढवावा लागतो. म्हणजे स्थूलमानाने शक्तीचा खर्च गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उलटपक्षी, दाब व गती दोन्ही २० टक्क्यांनी उतरविली तर ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ०.५१, इतकाच खर्च उरतो. पाचव्या हिश्शाची गती सोडून निम्मी शक्ती वाचते. तेव्हा काटकसरीचा मार्ग असा की, स्पंद कमी ठेवावेत आणि प्रत्येक स्पंदात अधिक काम उरकावे. शिवाय निष्फळ जाणारे काम टाळावे. हैफाच्या गटाने नेमके हेच केले. टप्पे कमी ठेवले. पुढील वाटेचा अंदाज अधिक अचूक केला, कारण चुकलेला अंदाज म्हणजे वाया गेलेली वीज. एकाच आज्ञेतून निघणाऱ्या दोन सूक्ष्म क्रिया एकत्र बांधून पुढे नेण्याची युक्ती योजली, जेणेकरून हिशेब ठेवण्याचे काम कमी होईल. कॅश एक मेगाबाइटची, म्हणजे त्या काळच्या मानाने प्रशस्त ठेवली, पण तिचा जो भाग लागेल तेवढाच जागा करण्याची सोय केली.

परिणाम असा झाला की, नित्याच्या पुष्कळ कामांवर हा प्रोसेसर आपल्याहून बऱ्याच अधिक घटिकागतीच्या पेंटियम ४ ची बरोबरी करू लागला. चित्रफितींचे रूपांतर करण्यासारख्या सरळ प्रवाहाच्या कामात पेंटियम ४ पुढे राही, हेही नमूद केले पाहिजे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात येते. बॅनियसच्या निर्मात्यांनी गतीचा त्याग करून वीज वाचविली नाही. विजेची मर्यादा घातल्यामुळे त्यांना वायफळ काम शोधून काढणे भाग पडले, आणि वायफळ काम काढून टाकताच गतीही हाती आली.

५. प्रवाह उलटतो

पुढील तीन वर्षांतील घटना वेगाने घडल्या. जानेवारी २००६ मध्ये याच कुळातील 'कोअर ड्युओ' हा दोन कोअरांचा लॅपटॉप प्रोसेसर आला. मार्च २००६ मध्ये तोच, थोड्या फेरफाराने, कमी विजेचा झिऑन म्हणून सर्व्हरसाठी विकला जाऊ लागला. लॅपटॉपचा प्रोसेसर सर्व्हरच्या नावाखाली यावा, ही घटना त्या वेळी फारशी गाजली नाही. इतिहासाच्या दृष्टीने ती लक्षणीय आहे. मे २००६ मध्ये नेटबर्स्ट कुळातील झिऑन ५००० ही मालिका आली होती. तिच्यातील ५०८० या दोन कोअरांच्या प्रोसेसरची गती ३.७३ गिगाहर्ट्‌झ व उष्णतामर्यादा १३० वॅट होती. जून २००६ मध्ये, म्हणजे महिन्याभरातच, बॅनियसच्या विचारावर उभारलेल्या 'कोअर' रचनेचा झिऑन ५१०० आला. त्यातील ५१६० या प्रोसेसरचेही कोअर दोनच, गती ३ गिगाहर्ट्‌झ, मर्यादा ८० वॅट; आणि तरीही तो अधिक कार्यक्षम होता. थोरल्या घराण्याची गादी धाकट्या पातीकडे गेली.

या घटनेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक महासंगणकांच्या यादीत पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेचा 'एका' हा संगणक ११७.९ टेराफ्लॉप्स गतीसह चौथ्या क्रमांकावर झळकला. आशियातील तो त्या वेळचा सर्वांत वेगवान संगणक होता. त्याचे प्रोसेसर होते ३ गिगाहर्ट्‌झचे झिऑन ५३०० मालिकेचे, म्हणजे 'कोअर' रचनेचे. याच पुण्यात १९९१ साली प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, 'परम ८०००' हा संगणक ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर एकत्र जोडून उभा केला होता, याचेही येथे स्मरण होते. अनेक लहानांच्या जोडणीतून मोठे यंत्र उभे राहते, हे या शहराला नवे नव्हते. फरक एवढाच की, आता त्या लहानांच्या वंशवेलीत लॅपटॉप होता.

मापांच्या इतिहासातही तेच वर्ष महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर २००७ मध्येच महासंगणकांना दर वॅटमागील गतीने क्रम लावणारी 'ग्रीन ५००' ही यादी प्रथम निघाली. डिसेंबरमध्ये स्पेकने सर्व्हरच्या वीजवापराची पहिली प्रमाणित कसोटी काढली. त्याच महिन्यात गूगलचे लुइझ बारोसो व उर्स होल्झले यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, त्यांच्या दालनांतील सर्व्हर बहुतेक काळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करीत असतात, आणि नेमक्या याच पट्ट्यात ते विजेचा सर्वाधिक अपव्यय करतात. जेवढे काम तेवढीच वीज, हे ध्येय त्यांनी पुढे ठेवले. लॅपटॉपच्या रचनाकाराला ते बॅटरीने केव्हाच शिकविले होते. सर्व्हरच्या मालकाला ते विजेच्या बिलाने शिकविले.

६. मग फरक उरला काय?

येथवरच्या विवेचनावरून लॅपटॉप व सर्व्हर यांच्या प्रोसेसरांत काही भेद उरलाच नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. भेद आहे, तो कोठे आहे हे पाहण्यासाठी एकाच रचनेची दोन अपत्ये शेजारी ठेवून पाहणे इष्ट. एएमडी कंपनीची 'झेन २' ही रचना यासाठी सोयीची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या एपिक ७७४२ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये तिचे ६४ कोअर आहेत; २०२० सालच्या रायझन ७ ४८००यू या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिचेच ८. पहिल्याची उष्णतामर्यादा २२५ वॅट, दुसऱ्याची १५. पहिल्याची मूळ गती २.२५ व कमाल ३.४ गिगाहर्ट्‌झ, दुसऱ्याची मूळ १.८, परंतु कमाल ४.२. पहिल्याजवळ तिसऱ्या पातळीची कॅश २५६ मेगाबाइट व मेमरीचे आठ मार्ग; दुसऱ्याजवळ ८ मेगाबाइट व दोन मार्ग.

एकच लहान काम दिले, आणि ते लहान कॅशमध्ये मावण्याजोगे असले, तर लॅपटॉप पुढे जाण्याचा पुष्कळ संभव आहे, कारण त्याचा एक कोअर अल्पकाळ ४.२ गिगाहर्ट्‌झवर जाऊ शकतो. तेच काम तासभर सर्व कोअरांवर चालविले तर पातळ पेटीतील उष्णता बाहेर पडावयास जागा नसल्याने गती उतरते, आणि सर्व्हर ज्या गतीने निघाला त्याच गतीने चालत राहतो. आकड्यांचा संच मोठा असला तर प्रश्न कोअरचा राहतच नाही, मेमरीच्या मार्गांचा होतो. आणि कामाचे भाग पाडता येत नसतील तर ६४ कोअर असून उपयोग नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचाराप्रमाणे, कामाचा ५ टक्के भागही अविभाज्य असला तर ८ कोअरांनी ते सुमारे ५.९ पट वेगाने होते आणि ६४ कोअरांनी सुमारे १५.४ पट. कोअर आठपट झाले, लाभ २.६ पटच झाला.

म्हणूनच, लहान व मितव्ययी कोअरांची गर्दी करून सर्व्हर बनवावा या कल्पनेला होल्झले यांनीच २०१० मध्ये मर्यादा घातली. कोअर फार मंद झाला तर काम वाटून घेण्याचा व आज्ञावली पुन्हा लिहिण्याचा खर्च विजेतील बचत गिळून टाकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१३ साली जेफ्री डीन व बारोसो यांनी आणखी एक मुद्दा दाखवून दिला. एक विनंती जेव्हा शेकडो सर्व्हरांकडे वाटली जाते, तेव्हा उत्तर मिळण्याचा काळ त्यांतील सर्वांत मंद सर्व्हर ठरवितो. तेथे सरासरी गतीला फारसा अर्थ राहत नाही. रांगेतला शेवटचा माणूस किती थांबला, हे तेथे विचारावे लागते.

लहान यंत्रांकडून मोठ्या यंत्रांकडे वाहणारा प्रवाह मात्र थांबला नाही. १९८५ साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत जन्मलेली व पुढे भ्रमणध्वनींतून जगभर पसरलेली 'आर्म' ही आज्ञारचना ॲमेझॉनच्या ६४ कोअरांच्या ग्रॅव्हिटॉन २ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. जून २०२० मध्ये जपानचा 'फुगाकू' हा महासंगणक जागतिक यादीत पहिला आला, त्याचे प्रोसेसरही याच आज्ञारचनेचे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने आपल्या लॅपटॉपांत हीच आज्ञारचना एम१ प्रोसेसरच्या रूपाने आणली. अर्थात आज्ञारचना एक असली तरी कोअरची अंतर्गत बांधणी या तिन्ही ठिकाणी भिन्न आहे. वंश एक असला तरी शिक्षण निरनिराळे झाले, असे म्हणता येईल.

७. निष्कर्ष

या इतिहासावरून असे दिसते की, 'अधिक समर्थ' हे विशेषण प्रोसेसरचा अंगभूत गुण नव्हे. काम, प्रमाण व परिस्थिती या तिहींशी असलेल्या संबंधाचे ते नाव आहे. मिप्सच्या प्रमाणात एक यंत्र श्रेष्ठ, गिगाहर्ट्‌झच्या प्रमाणात दुसरे, वॅटच्या प्रमाणात तिसरे. पेंटियम ४ चे रचनाकार अकुशल होते असे मुळीच नव्हे. त्यांना जे माप दिले गेले त्या मापात ते यशस्वीच झाले. अपयश मापाचे होते. हैफाच्या गटाला निराळे माप मिळाले, म्हणून त्यांच्याकडून निराळी वस्तू घडली, आणि काळाने जेव्हा सर्वांसाठीच ते माप लागू केले तेव्हा ती वस्तू तयार होती.

अभ्यासकांच्या दृष्टीने याचे व्यावहारिक महत्त्व थोडके नाही. आज जवळजवळ प्रत्येक विद्याशाखेत गणनेवर आधारलेले प्रबंध लिहिले जातात, आणि विभागांना मर्यादित निधीतून यंत्रे घ्यावी लागतात. 'अमुक पद्धती दुप्पट वेगवान आढळली' असे विधान करताना काम कोणते होते, किती काळ चालले, किती कोअरांवर चालले, आकड्यांचा संच कॅशमध्ये मावत होता की नाही, आणि यंत्र विजेच्या व उष्णतेच्या कोणत्या मर्यादेत चालत होते, हे नोंदविले नसेल तर ते विधान पडताळून पाहता येत नाही, आणि जे पडताळता येत नाही ते शास्त्रात जमा होत नाही. तसेच, विभागासाठी एक मोठा सर्व्हर घ्यावा की विद्यार्थ्यांसाठी लॅपटॉप, या प्रश्नाचे उत्तर उत्पादकाच्या पत्रकातील एका आकड्यात सापडणार नाही. आपले काम रांगेचे आहे की एकट्याचे, अल्पकाळाचे आहे की अहोरात्रीचे, विभागता येण्याजोगे आहे की अखंड, याचा निर्णय आधी झाला पाहिजे. स्वतःच्या कामाची ही ओळख पटल्यावर कोणते माप लावावयाचे ते ठरते, आणि माप ठरल्यावर प्रोसेसरची निवड फारशी अवघड राहत नाही.